मुरमावरचा पवना

मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धुरकट झाले होते, तरी गवत ओळखायला चिमणाबाईंना डोळे लागत नसत. काडी मुठीत धरायच्या, अंगठ्यानं पेर दाबायच्या, टोक दाताखाली चावायच्या आणि सांगायच्या, "ही कुसळी. हे मारवेल." आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "हा पवना."

आमचं खापरदरा सिन्नरच्या अलीकडे, डोंगर ओलांडता ओलांडता पाऊस दमून जातो त्या बाजूला. गावाच्या उगवतीला गायरानाचा माळ. काळी माती तिथं कधीच नव्हती. वीतभर मुरूम आणि त्याखाली थेट खडक. त्या वीतभर मुरमात पवना यायचा, कंबरेइतका. चिमणाबाईंचे मालक, बहिरूदादा, गावाचे गुराखी होते. सकाळी मारुतीच्या पारापाशी घराघरातली गुरं गोळा व्हायची आणि बहिरूदादा ती माळावर न्यायचे. चिमणाबाई दिवाळीनंतर गवत कापायच्या, पेंढ्या बांधायच्या आणि टेम्पोत बसून नाशिकला पंचवटीत नेऊन विकायच्या. रामकुंडाच्या वाटेवर गाई बांधून बसणाऱ्या बायका त्या पेंढ्या घेत. यात्रेकरू एकेक पेंढी विकत घेऊन गाईपुढे टाकत आणि डोळे मिटून हात जोडत.

"आमच्या माळानं किती लोकांना पुण्य मिळवून दिलं," चिमणाबाई म्हणत. "माळाला सोताला काय लागलं नाय."

मग रस्ता चौपदरी व्हायचा ठरला आणि त्याला खडी लागली. माळाच्या टेकडीवर खाण सुरू झाली, शेजारी क्रशर बसला. चौदा वर्षं रोज दुपारी भोंगा वाजायचा आणि मागून सुरुंग उडायचा. गवतावर पिठासारखी धूळ बसायची. गुरं ते हुंगून मान फिरवायची. एकेक घरानं गाई विकल्या. सांभाळायला गुरं उरली नाहीत तेव्हा बहिरूदादा ओट्यावर बसून राहू लागले. पण भोंगा झाला की अजून उठायचे, काठी घ्यायचे आणि अंगणातून माळाच्या दिशेनं दोनचार पावलं टाकायचे. सुरुंगाच्या आधी गुरं आवरून घ्यायची सवय होती ती. खाण बंद झाली त्याच वर्षी ते गेले.

खाणवाल्यानं जाताना कागदावर लिहिलेलं सगळं केलं. खोल खड्डा होता तो पाण्यानं भरलेला तसाच राहिला. बाकीच्या जागेत टाकाऊ मुरूम पसरून सपाटी केली. गुलमोहराची दोनशे रोपं लावली, एक फलक लावला आणि फोटो काढला. पहिल्याच उन्हाळ्यात रोपं वाळली. फलक चांगल्या लोखंडाचा होता म्हणून टिकला.

चिमणाबाईंकडे तेव्हा एकच गाय उरली होती, चांदी नावाची. दावणीला बांधून, विकतच्या कडब्यावर जगवलेली. सकाळी सोडली की ती सवयीनं माळाकडे चालू लागायची, मुरमाच्या कडेला उभी राहायची आणि परत यायची.

"मला तिला एकदा तिथं सोडायचंय," चिमणाबाई सांगत. "दाव्यानं नाय. मोकळी. खाली मान घालून तिनं चरावं आन् मी धोंड्यावर बसून बघावं. एवढंच हाय माझं."

पण पवना आणायचा कुठून? माळावर काडी उरली नव्हती. आजूबाजूच्या बांधांवर तणनाशक मारलेलं. एका दुपारी त्या रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. वारा सुटला आणि कबरस्तानाच्या भिंतीपलीकडून त्यांना ओळखीची सळसळ ऐकू आली. पवना वाळला की कोरड्या रेशमासारखा वाजतो. त्या फाटकापाशी थबकल्या.

कबरस्तानाची देखभाल निसारभाई करायचे. साठीचा माणूस, एका कानानं बहिरा. त्याच खाणीत चौदा वर्षं त्यांनी सुरुंगाची भोकं पाडली होती.

"निसारभाऊ, आत यिऊ का?" चिमणाबाईंनी विचारलं.

"इतक्या लवकर? आन् तेबी आमच्यात?" निसारभाई हसले.

"मसणात जायची मला घाई नाय. तुमच्या भिंतीआड पवना हाय. बी पायजे."

"घ्या की वैनी. हितं गुरं येत नायत, कोणी कापत नाय. आमच्या मुडद्यांनी राखलंय तुमच्यासाठी." मग दुसरीकडे बघत ते म्हणाले, "तिकडचं मी उडवलं. हितलं तरी न्या."

दोन कार्तिक त्या तिथं जात राहिल्या. कबरींच्या मधून, पाय न लावता, पिकलेली कणसं ओंजळीत ओरबाडून ओटीत टाकत. निसारभाई कधी भिंतीवर बसून चहा पीत, कधी दुसऱ्या बाजूनं मूठमूठ गोळा करून आणत. त्यात निम्मा कचरा असे. "भाऊ, तुम्ही भोकं पाडलेलीच बरी," त्या म्हणत. बी मडक्यात, राखेत ठेवायचं. पवन्याचं बी लगेच उगवत नाही. त्याला एक उन्हाळा खावा लागतो, असं चिमणाबाई सांगत. आणि बियाला शेपूट असतं. ओल लागली की ते शेपूट पिळतं आणि बी आपलं आपण मुरमात शिरतं. "नांगर त्याच्या अंगातच हाय," त्या म्हणत.

मृगाच्या आधी त्यांनी पहिली पट्टी केली. उताराला आडवी दगडांची एक ओळ, तिच्यामागे हातानं उकरलेला मुरूम, त्यात शेणात कालवलेलं बी. मग चार पावलं खाली दुसरी ओळ. दगड एवढ्यासाठी की वाऱ्यानं उडालेली धूळ, वाळका पाला, एखादी लेंडी तिथं अडकावी. पावसात दोऱ्यासारखी पाती आली. लोक रस्त्यानं जाताना विचारत, "काकू, किती केस उगवले?" दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचे थोंब झाले, मुठीत मावतील एवढे झुबके. चिमणाबाईंनी हात लावून लावून ते मोजले होते, चारशेच्या वर. चांदीला त्यांनी त्या वर्षी पट्टीकडे फिरकू दिलं नाही. "मुळं धरूदे गं. अजून एक पाऊस. मंग तुजंच हाय."

त्या हिवाळ्यात ग्रामसभा झाली. चिमणाबाई कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "सगळ्याचं झालं, तर जरा माळाकडंबी बघा. त्येचंबी कोणीतरी करा."

सरपंच निवृत्तीआबांनी मान डोलावली. "काकू, तुमचा शब्द ध्यानात ठिवला."

आणि त्यांनी तो खरोखर ठेवला.

मे महिन्यात डोळ्यांचं ठरलं. चिमणाबाईंची लेक पूजा नाशिकला इंदिरानगरात राहते. तिनं धर्मादाय दवाखान्यात नाव लावलं होतं. आधी उजवा डोळा, मग चार दिवसांनी डावा. नऊ दिवस चिमणाबाई लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काळा चष्मा लावून बसून होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही.

"मंग मी करू काय?" त्यांनी विचारलं.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "दिसतंय ना आता? नुसतं बघत बसा."

दहाव्या दिवशी पूजानं त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीची जागा. वाटेत त्या नातवंडासारख्या एकेक गोष्ट वाचत आल्या, पाट्या नव्हे, झाडं. ती बाभूळ, तो कडुनिंब, ती कुणाची तरी शेळी. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आमचा माळ आला की तुमाला दाखवते." वळण आलं. त्यांनी चष्मा वर केला. माळ काळा होता.

आधी त्यांना वाटलं, डोळ्याचं काही बिघडलं. त्यांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. रस्त्यापासून खाणीच्या तळ्यापर्यंत सगळा माळ काळा, ओलसर, लोण्यासारखा सारखा केलेला.

फाट्यावर त्यांचा मुलगा हर्षल मोटारसायकल घेऊन उभा होता. बत्तीस वर्षांचा, स्वतःचा ट्रॅक्टर चालवणारा. हसू त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"दिसला का?" त्यानं पिशवी घ्यायच्याही आधी विचारलं.

"काय हाय ते?"

"गाळ! गावतळ्याचा गाळ काढला ना आई सगळ्या गावानं. मशीन आलं होतं. लोकांनी आपापल्या शेतात नेला. तर आबा म्हणले, काकूंनी सभेत मागितलं होतं, माळालाबी देऊ. अठराशे खेपा टाकल्या. त्यातल्या दीडशे माझ्या एकट्याच्या. डिझेल माझं." मग जरा लाजत, "तुला सांगायचं नाय असं ठरलं होतं. नीट दिसायला लागल्यावर बघू दे म्हणलं."

"आन् माझ्या वळी?"

"कसल्या?"

"दगडाच्या."

"ते व्हय. ते ट्रॅक्टरला आडवे येत होते, कडेला सारले. तुझ्या गवताच्या अंगावर तर मी मुद्दाम जास्त टाकलाय. दीड फूट. खत हाय ते, आई. सोनं हाय. बघ आता कसं फोफावतं."

चिमणाबाई मोटारसायकलवर बसल्या. वाटभर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. 

हर्षलचं चुकलं कुठं, हे आमच्या गावात कोणाला सांगता आलं नसतं. शेतात गाळ घालतात तो उन्हाळ्यातच, रान मोकळं असताना. आणि मग नांगरून नव्यानं पेरतात. आमच्याकडे जमीन म्हणजे दर साली नव्यानं सुरू होणारी गोष्ट. काळी माती मिळाली की माणूस दुसरं काही विचारत नाही. ती हातात घेऊन कपाळाला लावतो. पवना मात्र एकदा लागला की त्याच थोंबातून वर्षानुवर्षं येतो. त्याला उन्हाळ्यात मेल्यासारखं पडून राहायचं असतं, उघड्यावर, खडकाच्या धगीत. चिमणाबाईंना हे ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच त्यांना कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर कार्यक्रम होता. त्या येईपर्यंत गावानं तो थांबवून ठेवला होता. निवृत्तीआबांनी नारळ त्यांच्या हातात दिला.

"काकू, तुमच्या हातानं. माळाची मागणी तुमची, तर मान तुमचा."

पन्नास-साठ माणसं होती. पोरींनी रांगोळी काढली होती, काळ्या मातीवर पांढरी, फार सुरेख दिसत होती. चिमणाबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कित्येक वर्षांनी त्यांना ती तोंडं नीट दिसत होती. कुणाच्या दाढीला पांढरं आलेलं, कुणी वाळलेलं. सगळे त्यांच्याकडे बघून हसत होते.

त्यांनी नारळ फोडला. वाकायचं नव्हतं, म्हणून हर्षलनं दगड वर धरला. पाणी मातीत पडलं आणि जिथं पडलं तिथंच तुंबून राहिलं. ते त्यांनी पाहिलं.

निसारभाई गर्दीच्या मागे उभे होते. सगळे पांगल्यावर जवळ आले. "वैनी, किती खाली गेलाय?"

"दीड फूट म्हणतो."

"उकरू का?"

"सगळा उकराल का?"

तरी ते संध्याकाळी फावडं घेऊन आले. चिमणाबाई पदर नाकाला लावून बाजूला उभ्या राहिल्या आणि अंदाजानं जागा दाखवत गेल्या. पण ओळी नव्हत्या. डोळ्यांनी तर त्यांनी ती पट्टी कधी नीट पाहिलीच नव्हती, ती त्यांच्या हातांना माहीत होती. "हितं," म्हणत, मग "नाय, जरा खाली." पाचव्या खड्ड्यात एक थोंब सापडला. चेपलेला, पण मुळाशी अजून घट्ट. निसारभाईंनी तो तसाच उघडा ठेवला, भोवती हातभर आळं करून. असे सात थोंब त्यांनी आठ दिवसांत मोकळे केले. आठव्या दिवशी हर्षलनं खड्डे पाहिले.

"हे कोण करतंय? गाळ बिघडवायला लागले. निसारचाचा, तुमचं काय हरवलंय का तिथं?"

"हरवलंय," निसारभाई म्हणाले, आणि चिमणाबाईंकडे बघू लागले. सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं.

त्या रात्री नव्हे, त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "हर्षल, पवन्याला काळी माती चालत नाय."

हर्षलनं घास थांबवला. "चालत नाय म्हंजे?"

"गुदमरतो."

त्यानं घास परत ताटात ठेवला. "तू आधी का नाय बोललीस? फोन तर रोज होत होता."

"तू तरी कुठं बोललास," त्या म्हणाल्या. मग तो जेवण टाकून उठेल म्हणून घाईनं, "जेव. होतं असं."

मशीन बोलवून गाळ पुन्हा खरवडायचा, असं त्याच्या मनात आलं. त्यानं आबांना विचारलंही. पण मशीनच्या दातांना गाळ कुठं संपतो आणि थोंब कुठं सुरू होतो ते कळणार नव्हतं. शिवाय गावानं दिलेली माती परत काढायची म्हणजे काय सांगून काढायची?

पाऊस आला. सात आळ्यांत सात तळी झाली, आणि आठ दिवसांत थोंब काळे पडले. गावतळ्यात वाहून आलेलं सगळं बी गाळाबरोबर माळावर आलं होतं. ऑगस्टमध्ये माळ हिरवागार झाला. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, बघा, काय रूप आलं. महिन्याभरात त्या हिरव्यावर पांढरी बारीक फुलं आली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गाजरगवत. चांदी कडेला गेली, हुंगलं आणि परत आली. चिमणाबाईंच्या हातांना खाज सुटून पुरळ उठलं, कारण त्या उपटत होत्या. एकट्या, आठ एकरांत.

गाजरगवताचा बंदोबस्त करायचा तर नांगरायला हवं, असं गावात बोललं जाऊ लागलं. ते खरंही होतं. आणि एकदा नांगरलं की एवढी सोन्यासारखी माती मोकळी कशाला ठेवायची? मुरमाकडे कोणी ढुंकून पाहत नसे. काळ्या मातीला हद्दी फुटल्या. आबांच्या पुतण्यानं पहिला तुकडा धरला, खाणीच्या तळ्याला मोटर लावली. मग एकेक. दसऱ्यापर्यंत माळावर सुतळ्या ताणलेल्या दिसू लागल्या. कोणी भांडलं नाही. सगळे शेजारीच होते.

हर्षलनं शेवटी धरला. कुठला तुकडा, ते त्यानं घरी येऊन सांगितलं.

"तुझ्या वळी होत्या तोच घेतलाय." तो उंबऱ्यातच उभा होता. "कोणीतरी घेणारच होतं, आई. दुसऱ्यानं नांगरलेला तुला बघवला नसता."

चिमणाबाई तांदूळ निवडत होत्या. आता त्यांना बारीक खडाही दिसायचा. "बरं केलंस," त्या म्हणाल्या.

त्यानं तिथं उन्हाळी कांद्याचं उळं टाकलं. रोपासाठी वाफे पाडले, बी पेरलं. पंधरा दिवसांत पाती वर आली, दोऱ्यासारखी, सरळ. आता राखण हवी होती, कारण गावात उरलेली दहाबारा गुरं सकाळी सुटली की अजून माळाकडेच येत. हर्षलला दिवसभर ट्रॅक्टरवर जावं लागे. त्याची बायको पोटुशी होती. राहता राहिल्या चिमणाबाई.

"नुसतं बसायचंय," तो म्हणाला. "सावलीला खाणवाल्याचा तो फलक हाय."

कार्तिकात निसारभाई एकदा तिथं आले. हातात पिशवी होती, तिच्यात पवन्याचं बी. या खेपेला त्यांनी कचरा काढून, नीट पाखडून आणलं होतं.

"वैनी, यंदा लय झालं. म्हणलं वाया जाईल."

चिमणाबाईंनी पिशवीत हात घातला. शेपटं बोटांत अडकली. "चांगलं पिकलंय," त्या म्हणाल्या.

"कुठं टाकता?"

त्यांनी चहूकडे पाहिलं. आता लांबचंही दिसत होतं. वाफे, सुतळ्या, पाइप, पलीकडे आबांच्या पुतण्याचा लसूण. मुरूम कुठंच उघडा नव्हता. निसारभाईही त्यांच्याबरोबर बघत होते.

"परत न्या," चिमणाबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं. "होतं तिथंच टाका. भिंतीच्या आत."

 निसारभाई पिशवी घेऊन रस्त्याला लागले.

उन्हं चढली तशी गावाकडून चांदी आली. एकटीच, हळूहळू, नेहमीच्या वाटेनं. दावं कुणीतरी सोडलं होतं किंवा सुटलं होतं. वाफ्यांपाशी येऊन ती थांबली. या खेपेला हुंगून परत गेली नाही. कांद्याची पात कोवळी होती, हिरवी होती. तिनं मान खाली घातली.

चिमणाबाई धोंड्यावरून उठल्या. बहिरूदादांची काठी त्यांच्या हातात होती. "हुर्र," त्या म्हणाल्या. गाईनं कान हलवला. "हुर्र गं. जा माघारी." गाय दोन पावलं पुढं आली.

त्यांनी काठी वर केली.

"जा बाई," त्या म्हणाल्या. "नाय आपलं हे."